मदत हवी आहे: मलमल सुती आहे की रेयॉन?

मंडळी, नणंदेचं बाळंतपण ऐन उन्हाळ्यात आहे. झबली, टोपरी, लंगोट घरीच शिवायचं ठरलंय. मेन रोडवरून ‘प्युअर कॉटन मलमल’ म्हणून कापड आणलं, पण हाताला जरा जास्तच सुळसुळीत लागतंय.

एक दोरा काढून काडी लावली. कागद जळल्यासारखा वास, राख मऊ, बोटात चुरणारी. कडक गोळी झाली नाही, म्हणजे पॉलिस्टर नाही. पण रेयॉनही लाकडाच्या लगद्याचंच, तेही असंच जळतं. मग दुसरा दोरा मधोमध ओला करून ओढला, तर ओल्या जागीच पटकन तुटला. सुती दोरा भिजला की उलट चिवट होतो, रेयॉनचा कमजोर. दुकानदार मात्र ठाम!

बारीक सुताच्या विरळ मलमलीला ही परीक्षा लागू पडते का? रेयॉनच असेल तर रोजच्या गरम पाण्यात झबली टिकतील का? (लंगोट सारखे पिळावे लागतात, त्यांना ते नकोच.) सुती असेल तर बेतण्याआधी एकदा भिजवून पुरे की दोनदा? मशीनला १४ नंबरची सुई आहे, भोकं पडतात. ९ ची लावू की ११ ची?

पंचवटी किंवा नाशिकरोडला खात्रीचं मलमल कुठे मिळेल, तेही सांगा. मालेगावचं यंत्रमागाचं कापड स्वस्त पडतं, पण तिथे पॉलिस्टरही बरंच विणतात, म्हणून बिचकतेय.