मुलगी बरी होऊन इतकी वर्षे झाली, आता तपासणीला जाणे खरेच आवश्यक आहे का?

मुलुंडची आई
माझ्या मुलीला अकराव्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग, झाला होता. मुंबईतच केमोथेरपी आणि छातीवर रेडिएशन असे दोन्ही उपचार झाले. पहिली पाच वर्षे प्रत्येक तारीख पाळली. पुढे वर्षातून एकदा यायला सांगितले होते, पण बारावी, कॉलेज आणि नोकरी यांत ते मागे पडले. आता ती २२ वर्षांची आहे, रोज लोकलने फोर्टला जाते आणि तिला काहीही त्रास नाही. घरात तिच्या लग्नाचे बोलणे सुरू आहे, त्यामुळे सासूबाई म्हणतात की जुनी खपली कशाला काढायची, फाईल माळ्यावर आहे ती तिथेच राहू दे. आजार उलटण्याचा काळ सरला असेल, तर या तपासणीत नेमके काय पाहतात?

निवृत्त परिचारिका, परळ
हॉजकिन उलटायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो, त्यामुळे सासूबाईंचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. मात्र एवढ्या वर्षांनंतरची तपासणी मुख्यतः उपचारांनी शरीरात काय मागे ठेवले आहे, हे पाहण्यासाठी असते. तुम्हाला ते लाल इंजेक्शन आठवत असेल, ज्यानंतर मुलांची लघवी लाल होते आणि नवख्या आया रक्त समजून घाबऱ्याघुबऱ्या धावत येतात. ते ॲड्रियामायसिन हृदयाच्या स्नायूला इजा करू शकते. ही इजा कधीकधी अनेक वर्षांनी उघड होते आणि छातीवरचे रेडिएशन तिच्यात भर घालते. सुरुवातीला माणसाला काहीच जाणवत नाही, म्हणून ठरावीक अंतराने टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. किरण मानेपर्यंत गेले असतील तर थायरॉइड मंदावू शकते. तेव्हा येणारा थकवा आपण सगळे लोकलच्या दगदगीवर ढकलून मोकळे होतो, पण वर्षातून एकदा टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी केली की तो प्रश्न सुटतो. लहान वयात छातीवर रेडिएशन घेतलेल्या मुलींना स्तनाच्या कर्करोगाचा धोका इतरांहून बराच जास्त असतो, म्हणून २५ व्या वर्षापासून किंवा रेडिएशननंतर ८ वर्षांनी, यांपैकी जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी स्तनांची मॅमोग्राफी आणि एमआरआय करण्याचा सल्ला देतात. इतर बायकांप्रमाणे चाळिशीची वाट पाहून चालत नाही.

राहिला लग्नाचा विषय. सासरी काय सांगायचे ते मुलीने ठरवावे. परंतु गरोदरपणात हृदयावरचा भार वाढतो, त्यामुळे प्रसूतितज्ज्ञांपासून हे लपवणे धोक्याचे आहे.

ल्युकेमियातून बरा झालेला
माझ्यावर लहानपणी टाटा मेमोरियलमध्ये उपचार झाले. उपचार पूर्ण केलेल्या मुलांसाठी तिथे १९९१ पासून स्वतंत्र क्लिनिक चालते आणि मी अजूनही तिथे जातो. एक सुचवावेसे वाटते: या वेळी डॉक्टरांशी मुलीला स्वतः बोलू द्या. आम्ही आजारी पडलो तेव्हा सगळी माहिती आईवडिलांना मिळाली. आम्हाला आठवते ती फक्त सुई आणि उलटी. आपल्याला कोणते औषध दिले होते हेच ठाऊक नसलेल्या माणसाला तपासणीचे महत्त्व कसे पटणार?

मुलुंडची आई
सर्वांचे आभार. काल फाईल खाली काढली, तर गळतीमुळे निम्मे कागद एकमेकांना चिकटलेले निघाले. आता काय करावे?

नोंदणी विभागातला
रुग्णालयाकडे लेखी अर्ज करा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. अडचण अशी की दाखल रुग्णांच्या नोंदी ३ वर्षेच जपण्याचे बंधन आहे. मोठी रुग्णालये पुष्कळदा जास्त काळ ठेवतात, म्हणून केस नंबर असलेला एखादा कागद तरी सुटा करून पाहा. उपचारांचा सारांश मागताना ॲड्रियामायसिनची एकूण मात्रा आणि रेडिएशन कुठे व किती ग्रे (रेडिएशन मोजण्याचे एकक) दिले, हे दोन आकडे त्यात असल्याची खात्री करा, कारण इको किती वर्षांनी करायचा ते त्यांवरच ठरते. आमच्या बाजूचेही सांगतो: जो रुग्ण येणे थांबवतो त्याला नोंदीत बरा म्हणून धरता येत नाही आणि दगावला म्हणूनही नाही. ॲड्रियामायसिनचा हा उशिरा दिसणारा परिणाम कळला तोही ठणठणीत असूनही वर्षानुवर्षे तपासणीला येत राहिलेल्या रुग्णांमुळेच. अर्जाला मुलीच्या आधारकार्डाची प्रत जोडा आणि सही तिचीच घ्या. ती आता सज्ञान आहे.