नागदेवाचार्यांचं चरित्र सांगताना सनावळी कशी धरावी?

गिरणाकाठ
दंडवत प्रणाम. भडगाव तालुक्यात आमच्या गावी महानुभाव पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्यावर तासभर बोलायचं आहे. पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामींचं उत्तरापंथे गमन, म्हणजे उत्तरेकडे निघून जाणं, कुठे शके ११९४ दिलंय, कुठे ११९६. आचार्यांच्या प्रमुखपणाची सुरुवात त्यावरूनच धरायची ना? शिवाय आचार्यांच्या आठवणींचा ग्रंथ ‘स्मृतिस्थळ’ वाचताना कोण कुणाशी बोलतंय तेच उमगत नाही.

पोथीवाचक
भाऊ, सुरुवात तिथून धरू नका. स्वामी गेल्यावर आचार्य रिद्धपुरी स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सन्निधानात राहिले. पंथाची धुरा त्यांच्याकडे आली ती प्रभूंच्या पश्चात. हे दोन टप्पे एकत्र केले की पुढचं सगळं चरित्र वाकडं जातं.

इसवी सनासाठी शकात ७८ मिळवा. तिथी माघ-फाल्गुनातली असेल तर ७९, आणि पौषातली असेल तर पंचांग पाहूनच ठरवा. संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव दिलं असेल तर पडताळा सोपा आहे: शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी उरेल तो क्रमांक, प्रभव पहिला. ११९४ ला बाकी ६, म्हणजे अंगिरा; ११९६ ला ८, म्हणजे भाव. गत (पूर्ण झालेलं वर्ष मोजणारा) आणि वर्तमान (चालू वर्ष मोजणारा) शक यांच्या घोळाने एकाच वर्षाचा फरक पडतो, दोनाचा नाही. त्यामुळे इथे दोन्ही शक सांगा, ओढूनताणून जुळवू नका.

तापीपूर्णा
नावांचं म्हणाल तर ‘भट’, ‘भटोबास’ म्हणजे नागदेवाचार्यच. म्हाइंभट वेगळे, ते लीळाचरित्रकार. आबाइसा आचार्यांच्या आई, उमाइसा बहीण, महदाइसा चुलत बहीण. नुसतं ‘बाइसा’ आलं तर त्या नागुबाई, स्वामींच्या शिष्या. ‘श्रीप्रभु’ म्हणजे गोविंदप्रभू.

आपल्याकडे आणखी एक गल्लत हमखास होते. पंचकृष्णांतले, म्हणजे पंथाने मानलेल्या पाच अवतारांतले, चांगदेव राऊळ आणि मुक्ताईनगरजवळच्या तापी-पूर्णा संगमावरचे योगी चांगदेव हे दोघे निराळे. श्रोत्यांना हे आधीच सांगून टाका, नाहीतर निम्मे लोक शेवटपर्यंत संगमावरच अडकून राहतील.

पोथीवाचक
तासातली वीस मिनिटं तरी भाषेच्या प्रसंगांना द्या. आचार्यांचा खरा मोठेपणा मला तिथे दिसतो. आचार्यांचे शिष्य पंडित केशवदेव यांनी संस्कृतात प्रश्न केला, तेव्हा आचार्य म्हणाले, ‘तुमचा अस्मात् कस्मात् मी नेणे गा, मज श्रीचक्रधरे निरूपिली मऱ्हाटी, तियाचि पुसा.’ आणि केशवदेव संस्कृतात ग्रंथ रचू लागले तेव्हा, ‘नको गा केशवदेया, येणे माझिया म्हातारिया नागवतील.’ यातला ‘नागवतील’ शब्द नीट फोडून सांगा. म्हाताऱ्यांच्या हाती आलेलं ज्ञान संस्कृतात गेलं की त्या लुटल्या जातील, वंचित होतील, असा त्याचा अर्थ. ‘नागव्या होतील’ असा अर्थ केला की सगळी कळकळच निघून जाते.

गिरणाकाठ
मी ‘नागव्या होतील’ हाच अर्थ धरून बसलो होतो. प्रमुखपणाची सुरुवात आता गोविंदप्रभूंच्या पश्चातच धरतो. दंडवत.