खुनी कोण हे नटावरूनच कळू नये, तर कोणाला घ्यावं?

मंडळी, मदत हवी आहे. एका रहस्यकादंबरीतली पात्रं पडद्यावर कोण करेल, याची यादी करतेय. निवृत्त मुख्याध्यापिका म्हटल्यावर नीना कुळकर्णीच डोळ्यांसमोर आल्या. बोलता बोलता चष्मा पुसायला थांबायचं आणि तेवढ्यात समोरच्याला घाम फोडायचा, हे त्यांनाच जमेल. तपास अधिकारी गिरीश कुलकर्णी. तिथे मी ठाम आहे.

गाडी अडलीय ती खुन्यापाशी. तो कोपऱ्यात मान खाली घालून बसणारा कारकून. एवढ्याशा भूमिकेत मोठा नट दिसला की प्रेक्षक पहिल्याच प्रसंगात ओळखणार. नवखा घेतला, तर शेवटचा लांबलचक कबुलीजबाब त्याला पेलेल का? १९७४च्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’मध्ये इन्ग्रिड बर्गमन, शॉन कॉनरी, लॉरेन बकॉल असे संशयितच नामवंत होते, त्यामुळे नुसत्या नावावरून कोणावर बोट ठेवता येत नव्हतं. इथे मोठी पात्रं दोनच, म्हणून तो उपाय चालणार नाही.

रंगभूमीवर मुरलेला, पण पडद्यावर फारसा न दिसलेला पंचेचाळिशीचा नट सुचवा ना. आवाज हळू, तरी स्पष्ट हवा. कोणत्या नाटकातल्या कामावरून सुचवताय, तेही नक्की लिहा.