पुण्याहून जर्मनीला: आरोग्य विमा, टॅक्स क्लास, भाड्याचा फ्लॅट आणि आईवडील

पेठकरी:
नमस्कार मंडळी. २० ऑगस्ट २०२६ ला पुण्याहून श्टुटगार्टला निघतोय. ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना), वर्षाला ८२,००० युरो ग्रॉस. बायको आणि चार वर्षांची मुलगी नोव्हेंबरमध्ये येतील. बायको निदान पहिलं वर्ष नोकरी करणार नाही. प्रश्न असे:

१) एजंट म्हणतोय सरकारी विम्याऐवजी प्रायव्हेट घ्या, हप्ता जवळपास निम्मा. घ्यावा का?
२) लग्न झालेल्यांना टॅक्स क्लास ३ (पगारातून कर कमी कापणारा वर्ग) मिळतो म्हणतात. तो सप्टेंबरपासूनच मिळेल का?
३) कोथरूडचा फ्लॅट २८,००० रुपये भाड्याने दिला आहे. शिवाय बचत खातं आणि दोन एफडी आहेत. निघण्याआधी काय करून ठेवू?
४) आईवडील साताऱ्याला असतात. वडील ६८, आई ६४, पेन्शन कुणालाच नाही. त्यांना दर महिन्याला पैसे पाठवणार आहे. त्यावर जर्मनीत करसवलत मिळते का? आणि पुढच्या उन्हाळ्यात ते तीन महिने येतील, तेव्हा त्यांच्या विम्याचं काय?

हिरवा_कंदील:
पहिल्या प्रश्नाला मुदत आहे, म्हणून तेवढंच आधी लिहितो.

२०२६ साठी सरकारी विम्याच्या सक्तीची पगारमर्यादा ७७,४०० युरो आहे. तुमचा पगार तिच्या वर, त्यामुळे तुम्हाला सक्ती नाही, निवड आहे. जर्मनीत पहिल्यांदाच नोकरी धरणाऱ्याला नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत क्रांकेनकासेचा (सरकारी विमा चालवणाऱ्या संस्थेचा) स्वेच्छा सभासद होता येतं. ही मुदत गेली आणि तुम्ही प्रायव्हेटमध्ये असलात, तर पगार मर्यादेखाली येईपर्यंत परतीचं दार बंद. वयाच्या ५५ नंतर तर ते जवळजवळ कायमचंच बंद होतं. एजंट हे सांगत नाहीत, कारण प्रायव्हेट पॉलिसीवर त्यांना मिळणारं कमिशन कितीतरी मोठं असतं.

आता हिशोब. वर्गणी कितीही पगार असला तरी महिना ५,८१२.५० युरोपर्यंतच मोजतात. मूळ दर १४.६ टक्के, त्यावर प्रत्येक कासेचा जादा दर, जो यंदा सरासरी २.९ टक्के धरला आहे. निम्मं कंपनी भरते. तुमचा वाटा साधारण ५०९ युरो. शुश्रूषा विमा म्हणजे फ्लेगेफेर्झिशेरुंग १.८ टक्के, साधारण १०५ युरो. एकूण सुमारे ६१४. मुलीचा जन्मदाखला एचआरला पहिल्याच आठवड्यात द्या, ती अजून भारतात असली तरी. नाहीतर तुम्हाला अपत्य नाही असं धरून ०.६ टक्के जास्त कापतात.

या ६१४ मध्ये तिघंही येतात. बायकोचं स्वतःचं उत्पन्न महिना ५६५ युरोच्या आत असेल तर ती आणि मुलगी फामीलियेनफेर्झिशेरुंगखाली (कुटुंब विमा) एक सेंटही जास्त न भरता. प्रायव्हेटमध्ये प्रत्येकाची वेगळी पॉलिसी आणि वेगळा हप्ता. त्यात प्रकृतीचा जुना इतिहास विचारतात, आणि थायरॉइडची गोळी लिहायची राहिली एवढ्यावरूनही पुढे करार रद्द होऊ शकतो.

एक गोष्ट नक्की तपासा. ‘निम्मा हप्ता’ असेल तर ती बहुधा खरी प्रायव्हेट पॉलिसी नसून परदेशातून येणाऱ्यांसाठीची मुदतबंद पॉलिसी असते. जुने आजार, बाळंतपण, दातांची मोठी कामं यांना तीत बहुतेकदा कात्री लागलेली असते. पोचल्यापासून नोकरी सुरू होईपर्यंतचे चार-आठ दिवस झाकायला ती ठीक. त्यापुढे नको. लहान मूल असलेल्या कुटुंबाने सरकारीच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

रानवाट:
क्लास ३ चं सोपं आहे. आन्मेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) करताना लग्नाचा दाखला दिला की मिळतो. दाखल्याचं अधिकृत जर्मन भाषांतर हवं.

हिशेबी:
रानवाट, भाषांतराचं बरोबर, पण क्लास ३ असा मिळत नाही. त्यासाठी जोडीदारानेही जर्मनीत राहायला हवं. बायको पुण्यात आहे तोवर पेठकरींचा क्लास १ च.

ती आली, तिचं आन्मेल्डुंग झालं की दोघांना ४/४ (दोघांचाही क्लास ४) लागतो. ३/५ (तुम्हाला ३, तिला ५) हवा तर फिनान्सआम्टकडे (करकार्यालय) किंवा एल्स्टर या ऑनलाइन कर पोर्टलवरून अर्ज करायचा. ३० नोव्हेंबरच्या आत पोचला तर त्याच वर्षात धरतात. चुकला तरी घाबरू नका, कारण महिन्याचा क्लास ही फक्त आगाऊ कपात आहे. खरा कर वर्षाच्या विवरणपत्रात ठरतो, आणि बायको नोव्हेंबरमध्ये आली तरी २०२६ चं विवरणपत्र दोघांचं एकत्र भरता येतं. पुढे ती नोकरीला लागली की मात्र ३/५ चा पुन्हा विचार करा. क्लास ५ मध्ये तिच्या हातात फार कमी पडतं, आणि बेकारी भत्ता त्या निव्वळ पगारावरूनच मोजतात.

आता बहुतेकांना न कळणारी गोष्ट. जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. जानेवारी ते ऑगस्ट तुम्ही पुण्यात जे कमावलं त्यावर जर्मनी कर घेत नाही, पण दर ठरवताना ते उत्पन्न मोजते. याला प्रोग्रेसिऑन्सफोर्बेहाल्ट म्हणतात. ते ‘आनलागे डब्ल्यूए-ईएसटी’ या जोडपत्रात जातं. बायकोचा तिकडचा पगार असेल तर एकत्र विवरणपत्रात तोही. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये एकत्र आणि वेगवेगळं असे दोन्ही हिशोब करून बघा. असं उत्पन्न ४१० युरोच्या वर असल्यामुळे तुम्हाला विवरणपत्र भरणं सक्तीचंच आहे. ३१ जुलै २०२७ ला शनिवार येतो, म्हणून शेवटची तारीख सोमवार, २ ऑगस्ट.

घराच्या पत्रपेटीवर पहिल्याच दिवशी आडनाव चिकटवा. अकरा आकडी करओळख क्रमांक पोस्टाने येतो आणि पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. क्रमांक कंपनीला मिळालाच नाही तर शेवटी क्लास ६ ने कापतात, म्हणजे सगळ्यात जास्त.

आन्मेल्डुंगच्या फॉर्मवर धर्म विचारतात. हिंदू लिहिणाऱ्याला काही लागत नाही. वसईचे किंवा गोव्याचे कॅथलिक असाल तर चर्चचा कर लागतो. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग आणि बायर्नमध्ये तो आयकराच्या ८ टक्के, इतर राज्यांत ९ टक्के असतो. हे माहीत असूनच सही करा.

विमानाची तिकिटं, सामान पाठवल्याची बिलं जपा. कंपनीने दिलेलं नसेल तर नोकरीसाठी केलेल्या स्थलांतराचा खर्च वजा होतो. मुलगी आली की फामीलियेनकासे या भत्ता कार्यालयाकडे लगेच अर्ज करा. किंडरगेल्ड (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) यंदा महिना २५९ युरो आहे आणि मागचं फक्त सहा महिन्यांचंच देतात.

दोन्हीतीर:
भारताकडची बाजू.

१ एप्रिल ते २० ऑगस्ट हे १४२ दिवस होतात. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या भारतीय नागरिकाला १८२ ची मर्यादा आहे, त्यामुळे २०२६-२७ साठी तुम्ही अनिवासी. जर्मनीतला पगार भारतात करपात्र नाही. मात्र तो आधी जर्मन खात्यातच जमा झाला पाहिजे. पगार थेट भारतातल्या खात्यात घेतला तर ‘भारतात मिळालेलं उत्पन्न’ ठरून कर लागू शकतो. एप्रिल ते ऑगस्टचा पुण्यातला पगार इथे करपात्र आहेच. त्याचं विवरणपत्र अनिवासी म्हणून भरा.

बँकेला कळवून बचत खातं आणि एफडी एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नाचं खातं) करून घ्या. निवासी खातं तसंच चालू ठेवणं फेमा या परकीय चलन कायद्याच्या नियमात बसत नाही. एनआरओच्या व्याजावर बँक ३१.२ टक्के कापते. भारत-जर्मनी करारात व्याजावरचा दर १० टक्के आहे. तो मिळवायला फिनान्सआम्टकडून जर्मनीत करनिवासी असल्याचा दाखला घ्या, आयकर पोर्टलवरची स्वयंघोषणा भरा आणि दोन्ही बँकेला द्या. दर वर्षी नव्याने, एप्रिलमध्येच. उशीर झाला तर आधीची कपात विवरणपत्र भरूनच परत मिळते.

फ्लॅटबद्दल. मालक अनिवासी झाला की भाडेकरूने ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो, भाडं कितीही असो. २८,००० वर ८,७३६ रुपये. भाडेकरूला हे माहीत नसतं, आणि नाही कापलं तर व्याजासकट भुर्दंड त्याच्यावर येतो. म्हणून निघण्याआधी त्याला लेखी कळवा, करारनाम्यात तशी ओळ घाला, भाडं एनआरओत घ्या. वर्षाचं भाडं ३,३६,०००. दुरुस्तीची ३० टक्के ठोक वजावट गेली की २,३५,२०० राहतात. दुसरं उत्पन्न नसेल त्या वर्षी हे नव्या कररचनेतल्या ४ लाखांच्या आत आहे, म्हणजे सगळा टीडीएस परत मिळेल. दर वर्षी लाखभर अडकू द्यायचे नसतील तर कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधीच काढा.

हेच भाडं जर्मनीत करमुक्त आहे, पण दर ठरवायला मोजलं जातं. विवरणपत्रात दाखवायचंच.

पेठकरी:
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन उपप्रश्न. दिवाळीत १२ दिवस येऊन बायको-मुलीला घेऊन जाणार आहे, त्याने अनिवासीपणा जातो का? आणि एफडी मोडून पुढे एनआरईत (अनिवासींचं परदेशी कमाईसाठीचं खातं) ठेवली तर तिचं व्याज करमुक्त ना?

दोन्हीतीर:
१४२ अधिक १२, म्हणजे १५४. जात नाही. पण मार्चपर्यंत पुन्हा यायचं झालं तर दिवस मोजत राहा. येण्याचा आणि जाण्याचा दोन्ही दिवस धरा.

एनआरईचं व्याज भारतात करमुक्त, जर्मनीत नाही. बहुतेकांची चूक इथेच होते. जर्मनी जगभरचं व्याज धरते. दोघांचं मिळून २,००० युरोपर्यंत सूट, त्याहून जास्तीच्या व्याजावर २६.३७५ टक्के कर. एनआरओच्या व्याजावर भारतात भरलेल्या करापैकी १० टक्क्यांपर्यंत वजावट मिळते. एनआरईवर भारतात करच नाही, म्हणून वजावटही नाही. शिवाय दोन्ही देश खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप कळवतात. भारतीय म्युच्युअल फंड असतील तर ते विकले नसले तरी जर्मनीत दर वर्षी ठरावीक रक्कम करपात्र होऊ शकते, आणि तो हिशोब स्वतःच करावा लागतो.

निळी_छत्री:
चौथा प्रश्न राहिला, तो घेते.

आईवडिलांना दिलेली मदत वजा होते, पण अटी कडक आहेत. २०२६ ची मूळ मर्यादा १२,३४८ युरो. भारतासाठी तिचा चौथा हिस्सा, म्हणजे माणशी वर्षाला ३,०८७. पैसे त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यात ट्रान्स्फरनेच गेले पाहिजेत. २०२५ पासून रोख अजिबात धरत नाहीत. मदत ज्या महिन्यात सुरू झाली तिथून पुढचेच महिने मोजतात. सप्टेंबरपासून पाठवलंत तर यंदा माणशी १,०२९ पर्यंत. सगळं डिसेंबरमध्ये एकदम पाठवलंत तर फक्त २५७. दोघांसाठी फिनान्सआम्टचा उंटरहाल्ट्सएर्क्लेरुंग हा द्विभाषिक फॉर्म लागतो, त्यावर गावच्या अधिकाऱ्याचा सही-शिक्का. त्यांचं स्वतःचं उत्पन्न माणशी वर्षाला १५६ युरोच्या वर जेवढं असेल, तेवढी सवलत कमी होते. शेतीचं उत्पन्न किंवा एफडीचं व्याज असेल तर तेही लिहा. आई ६४ च्या आहेत, त्यामुळे त्या कमावत का नाहीत हे विचारतील. आजारपण असेल तर डॉक्टरांचा कागद जोडा.

ते तुमच्या क्रांकेनकासेत बसत नाहीत. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. तेवढ्यावर थांबू नका. बीपी किंवा मधुमेह असेल तर ‘आधीच्या आजारातून अचानक उद्भवलेला त्रास’ झाकला आहे ना, ते पॉलिसीत वाचा. औषधं पूर्ण मुक्कामाची आणा. भारतीय डॉक्टरची चिठ्ठी जर्मन औषधदुकानात चालत नाही, आणि ब्रँडची नावं तिथे कुणी ओळखत नाही. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्या.

मुलीचं लसीकरण कार्ड हातसामानात ठेवा. किटाला (बालवाडी) गोवरच्या दोन डोसांचा पुरावा लागतोच. भारतातली एमआर लस चालते, पण तारखा वाचता येतील अशा हव्यात. कार्ड फक्त मराठीत असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत लिहून आणा.

आणि घराजवळचा हाउसआर्त्स्ट (फॅमिली डॉक्टर) आजारी पडायच्या आधी शोधा, बरेच जण नवे रुग्ण घेत नाहीत. रात्री किंवा रविवारी ताप आला तर ११६११७ ला फोन करा, जिवावरचं असेल तर ११२. तज्ज्ञाची तारीख चार महिन्यांनी देत असतील तर हाउसआर्त्स्टकडून तातडीचा कोड असलेली चिठ्ठी मागा. तो कोड ११६११७ ला दिला की ते साधारण चार आठवड्यांच्या आतली तारीख शोधून देतात. डॉक्टर तुमच्या पसंतीचा असेल असं नाही.