सोसायटी ग्रुप: कालच्या पाहुण्यांचा सिग्नलचा विनोद

वर्षा कुलकर्णी, बी-४०२ (रात्री ९.४२)
नमस्कार. कालच्या कार्यक्रमाबद्दल लिहितेय. दिवसभर गप्प बसले, आता राहवत नाही. पाहुणे म्हणून आलेल्या कलाकारांनी माइकवरून सांगितलं की उशीर झाला म्हणून तीन सिग्नल तोडून आलो, चौथ्याला मामांनी अडवलं, पण ओळखल्यावर सेल्फी काढली आणि स्वतःच रस्ता मोकळा करून दिला. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे सतरंजीवर पोरं बसली होती. आज दुपारी पार्किंगमध्ये ती सायकलींवर काय खेळत होती माहितीये? एक जण मामा. बाकीचे सुसाट येतात आणि ओरडतात, "मी हिरो आहे, सेल्फी घ्या आणि सोडा!" माझा ईशानसुद्धा त्यात होता.

मंदार साठे, खजिनदार
वर्षाताई, कार्यक्रम छान झाला, एवढं एक वाक्य आधी लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं. एक रुपया मानधन न घेता आले ते. शाल आणि श्रीफळ, बास.

वर्षा कुलकर्णी, बी-४०२
कार्यक्रम छानच झाला, साठे. तुमची धावपळ मी पाहिलीये. मी फक्त त्या दोन मिनिटांबद्दल बोलतेय.

प्रज्ञा, ए-१०३
मलाही खटकलं होतं. पण सगळे हसत होते, मग मीही हसले.

निखिल, सी-६०१
काकू, विनोद होता तो. खरंच तोडले असतील असं थोडीच आहे! स्टेजवर तिखटमीठ लावावंच लागतं 😂

चिपळूणकर काका, ए-००२
आधी आपल्या गेटसमोरचं बघा. पेट्रोल पंपाजवळच्या यू-टर्नपर्यंत जायचा कंटाळा म्हणून सगळे राँग साइडने येतात. ते आधी बंद करा.

वर्षा कुलकर्णी, बी-४०२
निखिल, तोडले नसतील तर जास्तच वाईट. म्हणजे न केलेली गोष्टसुद्धा त्यांना मिरवावीशी वाटली.

निखिल, सी-६०१
अमिताभनी नव्हता केला विनोद? मे २०२३. मुंबईत कोणाच्या तरी बाइकवर मागे बसलेला फोटो टाकला, ट्रॅफिकमधून वेळेत पोचवल्याबद्दल थँक्यू वगैरे. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. बोंबाबोंब झाल्यावर पोलिसांच्या गाडीशेजारी उभं राहून दुसरा फोटो, खाली "अरेस्टेड". सगळे हसले. कोणाचं काय बिघडलं?

शुभांगी, बी-२०१
अर्धंच सांगतोयस. मधे त्यांनी खुलासा केला होता की बॅलार्ड इस्टेटच्या गल्लीत शूटिंग होतं आणि परवानगी काढलेली होती. खरंच तसं जायची वेळ आली तर हेल्मेट घालून, नियम पाळून जाईन, असंही लिहिलं होतं. आणि त्याच आठवड्यात अनुष्का शर्मा बाइकवर मागे बसून गेली, तेव्हा गाडी चालवणाऱ्या तिच्या बॉडीगार्डला १०,५०० रुपयांची पावती आली.

निखिल, सी-६०१
म्हणजे पावती बॉडीगार्डलाच 😂

पाटणकर काकू, ए-३०४
🙏 उद्या आरती ७.३० ऐवजी ८ वाजता. मोदक ए विंगकडे.

अमोघ, बी-५०३ (लेस्टर)
इकडचं सांगतो. जानेवारी २०२३ मध्ये ऋषी सुनक पंतप्रधान असताना धावत्या गाडीत मागे बसून व्हिडिओ करत होते, सीटबेल्ट काढलेला. गाडी ते चालवतही नव्हते. लँकेशर पोलिसांनी दंड केला. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, सरळ माफी मागितली.

मंदार साठे, खजिनदार
अमोघराव, तिकडचे दाखले वाचायला छान वाटतात. बी-५०३ चा मागच्या तिमाहीचा मेंटेनन्स तेवढा बघा.

अमोघ, बी-५०३ (लेस्टर)
भरलाय. पावती तुम्हालाच मेल केली आहे, ११ तारखेला.

मंदार साठे, खजिनदार
बघतो.

गायकवाड, सेक्रेटरी
हिशेबाचं वैयक्तिक मेसेजवर बोलावं ही विनंती.

देशमुख वकील, सी-१०२
इकडच्या एका मंत्र्यांचंही उदाहरण आहे. २०१९ मध्ये नवे दंड लागू झाले तेव्हा गडकरींनी स्वतःच सांगितलं होतं की सी-लिंकवर वेगासाठी त्यांच्या गाडीलाही दंड झाला आणि त्यांनी तो भरला.

निखिल, सी-६०१
आणि त्यांच्या रस्त्यांवरचे खड्डे? त्याची पावती कोण फाडणार?

गायकवाड, सेक्रेटरी
राजकारण नको. ग्रुपचा नियम क्र. ३.

चिपळूणकर काका, ए-००२
आधी गेटसमोरचं राँग साइड बंद करा. बाकी चर्चा नंतर.

वर्षा कुलकर्णी, बी-४०२
देशमुखसाहेब, हेच म्हणायचंय मला. "मला दंड झाला, मी भरला" हेही माइकवरून सांगता येतं. लोक त्यालाही हसतात, पण घरी जाताना सिग्नलला थांबतात. "मला सोडलं" म्हटलं की पोरांच्या डोक्यात एवढंच राहतं की मोठं झालं, चेहरा ओळखीचा झाला, की सोडतात.

निखिल, सी-६०१
ओके ओके. पाहुण्यांना ३०० शब्दांचा निबंध लिहायला लावू 😂😂

शुभांगी, बी-२०१
निखिल, पुरे.

वर्षा कुलकर्णी, बी-४०२
निखिल, तो निबंध कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातातल्या मुलाचा आहे. १९ मे २०२४. दोन इंजिनिअर मुलं गेली, तुझ्याच वयाची. आपल्याच शहरात. त्यांच्या आईवडिलांसमोर हा विनोद करशील का?

निखिल, सी-६०१
सॉरी काकू. तसं म्हणायचं नव्हतं.

प्रज्ञा, ए-१०३
खरं सांगू का, निखिलला बोलून काय उपयोग? इथे अकरावीतली पोरं क्लासला स्कूटर नेतात. नाव घेत नाही.

संदीप शिर्के, सी-३०३
नाव घ्यायची गरजच ठेवली नाहीत. सी विंगमध्ये अकरावीत एकच मुलगा आहे. क्लास दोन किलोमीटरवर आहे आणि बस नाही. सोय तुम्ही करणार का?

देशमुख वकील, सी-१०२
शिर्के, रागावू नका, पण माहीत असू द्या. मोटार वाहन कायदा, कलम १९९अ. अल्पवयीनाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही.

संदीप शिर्के, सी-३०३
धन्यवाद वकीलसाहेब. फी कळवा.

मंदार साठे, खजिनदार
बघा, कुठून कुठे गेलं. एका विनोदावरून शेजारी शेजाऱ्यावर आला. मी आजही म्हणतो, कलाकाराला एवढी मुभा हवी. लोकांना हसवणं हेच त्याचं काम. आपण पुण्याचे लोक! हेल्मेटसक्तीविरुद्ध इथे मोर्चे निघाले. त्यात मीही होतो आणि मला त्याची लाज नाही.

वर्षा कुलकर्णी, बी-४०२
मोर्चा काढा ना साठे. कायदा पटत नाही म्हणून उघड उभं राहिलात, त्याला माझी हरकत नाही. पण तोडायचा, सुटायचं आणि वर टाळ्या घ्यायच्या, याला विरोध म्हणत नाहीत.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. यांच्या अपघाताला ऑगस्टमध्ये १४ महिने झाले. झेब्रावरून जात होते, माणसाचा दिवा हिरवा होता. तो मुलगा लाल सिग्नल तोडून आला. पळून गेला नाही, हे त्याचं खरंच चांगलं. हॉस्पिटलमध्ये बाकावर माझ्या शेजारी बसून रडत होता आणि सारखं एकच म्हणत होता, "काकू, चौक मोकळा होता हो, सगळेच जातात." वाईट मुलगा नव्हता. त्याला कोणीतरी असंच हसत हसत शिकवलं असणार.

यांच्या पायात अजून रॉड आहे. लिफ्ट बंद असली की जिना उतरतात तेव्हा उजवा पाय खालच्या पायरीवर, मग डावा आणून त्याच्या शेजारी, मग कठडा पुढे पकडायचा, मग परत उजवा. चार मजले असं. काल हे दुसऱ्या रांगेत बसले होते. सगळे टाळ्या वाजवत असताना यांचे दोन्ही हात गुडघ्यावर होते. घरी आल्यावर एक शब्द बोलले नाहीत.

शुभांगी, बी-२०१
ताई 🙏 जिन्यावरचा तो आवाज आम्हाला रोज ऐकू येतो.

मंदार साठे, खजिनदार
वर्षाताई, भाऊ दुसऱ्या रांगेत आहेत हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी बाजूला स्टेजपाशी होतो. माझीही टाळी वाजली. पाहुण्यांना उद्या मी स्वतः फोन करतो. भांडणार नाही, फक्त ही गोष्ट सांगेन. चालेल?

वर्षा कुलकर्णी, बी-४०२
चालेल. यांचं नाव सांगितलंत तरी चालेल.

पाटणकर काकू, ए-३०४
ए विंगमध्ये नारळ कमी पडतायत. कोणाकडे असल्यास सांगावे.

चिपळूणकर काका, ए-००२
आधी गेटसमोरचं

चिपळूणकर काका, ए-००२
बोट चुकून लागलं. आधी गेटसमोरचं बघा. तिसऱ्यांदा लिहितोय, कोणी उत्तर देत नाही.

निखिल, सी-६०१
काका, ८० मीटरचा प्रश्न आहे हो. यू-टर्नला सात मिनिटं जातात.

देशमुख वकील, सी-१०२
काकांचा मुद्दा बाजूचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल सिग्नल तोडणं आणि वाहतुकीच्या उलट दिशेने गाडी चालवणं, दोन्ही एकाच कलमात येतात. १८४, धोकादायक वाहन चालवणे. पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० दंड किंवा ६ महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. पाहुण्यांनी जे मिरवलं आणि आपण गेटवर रोज जे करतो, त्यात कायदा फरक करत नाही.

प्रज्ञा, ए-१०३
बाप रे.

चिपळूणकर काका, ए-००२
आज सकाळी ८ ते ८.३० मी वॉचमनच्या खुर्चीवर बसलो होतो. उलटे आलेले एकूण २३. त्यातले ९ आपल्या सोसायटीचे. वहीत नंबर लिहिलेत. टाकू का?

मंदार साठे, खजिनदार
काका, ग्रुपवर नको. गणपतीचे दिवस आहेत.

गायकवाड, सेक्रेटरी
मीटिंगमध्ये घेऊ.

संदीप शिर्के, सी-३०३
हा मेसेज डिलीट केला गेला.

वर्षा कुलकर्णी, बी-४०२
टाका काका. ईशानला शाळेत सोडून मी ८.१० ला परत आले. आमचाही नंबर त्यात असणार. पहिला तोच टाका.