अल्टोचा क्लच घरी बदलायचा का गॅरेजला द्यायची?

राजारामपुरीकर:
अल्टो ८००, २०१४ चं मॉडेल. वाघबीळवरनं पन्हाळ्याच्या चढाला लागलं की इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी काय पुढं सरकत नाही. सपाटीला ठीक चालते. गॅरेजवाल्यानं बॉनेट न उघडताच "क्लच गेला" म्हणून सांगितलं. ऑइल, ब्रेक पॅड मी घरीच बदलतो. गोटी-पाने, जॅक सगळं आहे, भाचा मदतीला येतोय. पार्किंग बिल्डिंगखाली आहे, जरा उताराचं. घालू का हात?

उद्यमनगरवाला:
दादा, आधी केबल बघा. ८०० ला क्लच केबलवर चालतो. केबल जास्त ताणली असंल तर पेडल सोडलं तरी रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला (क्लच प्लेट दाबून धरते ती) दाबून राहतंय, मग नवी प्लेटसुद्धा घसरणारच. पेडलला वर थोडा ढिलेपणा पाहिजेच. तो असूनही घसरतंय? मग हँडब्रेक पक्का ओढा, समोर कुणाला उभं करू नका, तिसरा गिअर टाकून हळूहळू क्लच सोडा. इंजिन बंद पडलं तर प्लेटमध्ये जीव आहे. नुसतं फिरत राहिलं तर संपली. हे एकदाच करा, परत परत केलं तर असलेली प्लेटपण जळंल.

आता घरी करायचं म्हटलं तर नटबोल्ट खोलायला तुम्हाला जमंल, त्यात काय नाही. गिअर ऑइल काढायचं, चाकांना जाणारे दोन्ही एक्सल बाहेर, स्टार्टर, केबल, मग गिअरबॉक्स. पण डावीकडचं माउंटिंग गिअरबॉक्सवरच आहे, ते सुटलं की इंजिन खाली लोंबतंय. त्याला आधार आधीच द्यावा लागतो. आणि खरी मजा परत चढवताना. उताणं झोपून गिअरबॉक्स छातीवर घ्यायचा आणि त्याचा शाफ्ट क्लच प्लेटच्या खाचांत बसवायचा! प्लेट केसभर जरी मधोमध नसली तर भाचा आणि तुम्ही रात्रभर ढकलत बसाल. उतारावर जॅकच्या भरवशावर तर अजिबात खाली शिरू नका. सपाट जागा आणि गाडी टेकवायला चांगल्या घोड्या (स्टँड) नसतील तर विषयच संपला.

कळंबेकर:
काय ओ, घाबरवताय कशाला त्यांना! मी ओम्नीचा घरी बदललाय अंगणात.

उद्यमनगरवाला:
ओम्नीला मागची चाकं ओढतात ओ. प्रोपेलर शाफ्ट काढला की बॉक्स सरळ खाली येतोय, एक्सलला हातच लावायचा नाही. आणि तुमचं अंगण सपाट आहे.

राजारामपुरीकर:
टेस्ट केली. इंजिन बंद पडलं नाही, वासपण आला. केबलला ढिलेपणा आहे. पार्किंगचा उतार काय जात नाही, म्हणून गॅरेजलाच देतोय. सामान मात्र मी आणणार. काय काय घेऊ?

उद्यमनगरवाला:
क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, तिन्ही एकदमच घ्या. बेअरिंगचे पैसे वाचवायला गेलात तर तेवढ्यासाठी परत बॉक्स उतरवायला लागंल. आणि बॉक्स खाली आला की तिथं स्वतः उभे राहा. फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट जिला चिकटते ती इंजिनची जड चकती) निळे डाग, बारीक चिरा दिसल्या तर आमच्या उद्यमनगरात कुठल्यापण लेथवर दाखवून घ्या, फेस मारण्याजोगं (घासून सपाट करण्याजोगं) आहे का नवीनच लागतंय ते सांगतील. इंजिनच्या मागच्या ऑइल सीलजवळ ओल दिसली तर सीलपण त्याच वेळी. तेल गळून नव्या प्लेटवर आलं तर पन्हाळा परत तसाच.

कळंबेकर:
आणि आतली धूळ हवा मारून उडवू देऊ नका, ओल्या फडक्यानं पुसायला सांगा. जुनी प्लेट मागून घ्या हां, खरंच बदलली का ते कळतंय.