'टॉलरन्स'ला सहनशीलता म्हणावं का?

पानगळ: कर्करोगावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. 'ड्रग रेझिस्टन्स' आणि 'ड्रग टॉलरन्स' वेगळे, यावरच तो लेख उभा आहे. मी 'प्रतिरोध' आणि 'सहनशीलता' लिहिलं. संपादक म्हणतात, दोन्हीकडे प्रतिरोधच ठेवा. काय करू?

निरक्षीर: मुळीच ठेवू नका. जंतूंचंच उदाहरण घ्या. प्रतिरोधी जंतू औषधातही वाढत राहतो. टॉलरन्सवाला वाढत नाही, फक्त मरायला जास्त वेळ घेतो.

तळटीप: त्यातही 'पर्सिस्टर', म्हणजे औषधातूनही उरणारे मोजके जंतू, निराळे. १९४४ मध्ये जंतुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी स्टॅफिलोकॉकस जंतूंवर पेनिसिलिन वापरलं, तर दहा लाखांत साधारण एक जंतू उरे. त्या उरलेल्यांची पुढची प्रजा मात्र पेनिसिलिनने पहिल्यासारखीच मरे! म्हणजे तो गुण वंशात उतरलाच नव्हता. याला प्रतिरोध म्हटलं की बिगर यांचं सगळं निरीक्षणच पुसलं जातं.

कुतूहल: पण सहनशीलता हा माणसाचा गुण. बोलताना आपण सरळ म्हणतो, 'जंतू औषधाला सरावले'.

निरक्षीर: सराव वेगळा हो. मॉर्फीनचा डोस वाढवावा लागतो, तिथे रुग्णाचं शरीर सरावलेलं असतं. ई. कोलाय या जंतूच्या एकेका पेशीवर नजर ठेवली तेव्हा, २००४ मध्ये, दिसलं की काही पेशी औषध येण्याआधीपासूनच मंदावलेल्या होत्या. ज्याची गाठच पडली नाही त्याचा सराव कसा होईल?

पानगळ: मग 'सुस्त पेशी' लिहू? लेखात २०१० चा प्रयोग आहे. फुप्फुसाच्या कर्कपेशींना ईजीएफआर (पेशीला वाढीचा संदेश देणारं प्रथिन) रोखणारं औषध भरपूर दिलं, सुमारे ०.३ टक्के उरल्या. बहुतेक निपचित, पण काही त्या औषधातच पुन्हा वाढू लागल्या. औषध काढल्यावर उरलेल्या पेशी परत औषधाला दाद देऊ लागल्या.

तळटीप: वाढू लागल्या तर 'सुस्त' बाद. 'तगाऊ' घ्या. तग धरणं जंतू आणि कर्कपेशी दोघांनाही लागू पडतं. जंतू प्लास्मिडवरून (डीएनएच्या सुट्या छोट्या वेटोळ्यावरून) प्रतिरोधाची जनुकं एकमेकांना देतात, कर्कपेशींकडे ती सोय नाही. पण तगण्याला जनुक बदलावं लागतच नाही.

शब्दव्रती: 'तगाऊ' ग्रंथात शोभत नाही. 'औषधतितिक्षा' म्हणा. तितिक्षा म्हणजे सोसणं, धातू तिज्. तेज, तीक्ष्ण त्यातलेच.

निरक्षीर: तितिक्षा किती वाचकांना कळेल? रुग्णाचे नातेवाईकही हा लेख वाचणार आहेत.

शब्दव्रती: 'प्रतिरोध' तरी कुठे कळत होता? वापरून वापरून रुळला.

कुतूहल: थांबा, तिज् म्हणजे धार लावणं ना? मग त्यातून सोसण्याचा अर्थ कसा निघाला?